जेवण बंद, म्हणून इन्सुलिन बंद?

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाला ताप येतो, उलट्या सुरू होतात, पोटात पेजेचा घोटसुद्धा टिकत नाही. अशा वेळी घरातली मोठी माणसे एक हिशेब मांडतात. इन्सुलिनने साखर उतरते. पोराने कालपासून काही खाल्लेले नाही. मग साखर वाढणार कशाने? उलट इंजेक्शन दिले तर ती नको इतकी खाली जाईल. तेव्हा आजचा डोस राहू द्या, जेवायला लागला की पुन्हा सुरू करू. हिशेब वरवर बिनचूक दिसतो आणि तो मायेपोटी मांडलेला असतो. तोच मुलाच्या जिवावर बेततो.

कारण त्यात एक आकडा धरलेलाच नसतो: रक्तातल्या कीटोनचा. रक्तात कीटोन प्रमाणाबाहेर वाढण्याला वैद्यकात कीटोनेमिया म्हणतात. ग्लुकोमीटर आज गावोगाव पोचला आहे. उपाशीपोटी किती, जेवणानंतर किती, तीन महिन्यांची सरासरी किती, हे आकडे लोक तोंडपाठ सांगतात. कीटोनबद्दल मात्र बहुतेकांनी ऐकलेले असते ते वजन उतरवण्याच्या आहाराच्या संदर्भात. ज्यांच्या जिवाशी या आकड्याची गाठ आहे, त्यांच्यापर्यंत तो पोचतच नाही. मधुमेह म्हणजे साखरेचा एक आकडा, ही समजूत आता मोडली पाहिजे आणि कीटोनचे ज्ञान दवाखान्याच्या फायलीतून घरात, शाळेत, उपकेंद्रात आले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी आधी कीटोन हे काय प्रकरण आहे, ते नीट समजून घेऊ.

आपण जेवतो तोवर शरीर मुख्यतः ग्लुकोजवर चालते. थोडी साखर यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात शिल्लक असते, साधारण शंभर ग्रॅम. पोटात काहीच गेले नाही तर ही शिल्लक दिवसभरात संपत येते. मग साठवलेली चरबी वितळू लागते. तिच्यातून सुटलेली मेदाम्ले यकृतात पोचतात आणि तिथे त्यांच्यापासून कीटोन तयार होतात. त्यांचे प्रकार तीन: ॲसिटोॲसिटेट, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट आणि ॲसिटोन. यकृत ते बनवते, पण स्वतः वापरू शकत नाही. हृदय, स्नायू आणि मेंदू यांच्यासाठी ते रक्तात सोडून देते. रोजचे खाणेपिणे सुरू असलेल्या निरोगी माणसात त्यांचे प्रमाण लिटरमागे ०.६ मिलिमोलच्या खाली राहते.

यातला मेंदूचा भाग विशेष महत्त्वाचा आहे. मेंदूला चरबी थेट जाळता येत नाही. मग आठवडेच्या आठवडे उपाशी राहिलेला माणूस शुद्धीवर कसा राहतो, विचार कसा करतो? या प्रश्नाचे उत्तर १९६७ साली बॉस्टनमधल्या ऑलिव्हर ओवेन आणि जॉर्ज केहिल यांच्या अभ्यासातून मिळाले. वजन उतरवण्यासाठी देखरेखीखाली पाच-सहा आठवडे उपवास करणाऱ्या तीन लठ्ठ रुग्णांच्या मेंदूत जाणारे आणि मेंदूतून येणारे रक्त त्यांनी तपासले. मेंदूची ऊर्जेची बहुतांश गरज तेव्हा कीटोन भागवत होते. ही सोय नसती तर मेंदूला ग्लुकोज पुरवण्यासाठी शरीराने स्वतःचे स्नायू भराभर वितळवले असते आणि दुष्काळातला माणूस फार थोड्या दिवसांत संपला असता. कीटोनला सरसकट विष म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. माणसाची जात ज्या गुणांवर टिकली, त्यांतला हा एक आहे.

आपल्या इतिहासातही याचा एक दाखला आहे. जानेवारी १९४८ मध्ये दिल्लीला गांधीजींनी अखेरचा उपवास केला. त्या वेळी त्यांच्या लघवीत ॲसिटोन दिसू लागल्याचे डॉ. सुशीला नायर यांनी त्यांना सांगितले. आपली रामावरची श्रद्धा अपुरी पडते आहे म्हणून हे झाले, असे गांधीजींचे म्हणणे पडले. प्यारेलाल यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. त्यांच्या श्रद्धेविषयी पूर्ण आदर ठेवून म्हणावेसे वाटते की तो ॲसिटोन कुठल्याही उणिवेची खूण नव्हता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे ते शरीर अन्नाविना तग धरण्यासाठी जे करायला हवे, तेच करत होते.

मग हेच कीटोन एका घरात जीव तगवतात आणि दुसऱ्या घरात जीव घेतात, असे का होते? उत्तर इन्सुलिनमध्ये आहे. इन्सुलिन म्हणजे साखर उतरवणारे औषध, एवढीच आपली ओळख. पण चरबीच्या वितळण्याला लगाम घालणे हे त्याचे तितकेच मोठे काम आहे, आणि या कामाला अगदी थोडे इन्सुलिनही पुरते. निरोगी माणूस उपाशी असतो तेव्हा त्याचे इन्सुलिन कमी होते, शून्य होत नाही. लगाम सैल होतो, सुटत नाही. म्हणून एका दिवसाच्या उपवासात कीटोन थोडे चढतात, काही आठवड्यांच्या उपवासातही ते साधारण पाच ते सात मिलिमोलच्या आसपास थांबतात आणि रक्ताचा आम्ल-अल्कली तोल सांभाळला जातो. टाइप १ मधुमेहात स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. बाहेरून इन्सुलिन मिळाले नाही तर लगाम उरतच नाही. कीटोन दहा, पंधरा, वीसपर्यंत चढत जातात.

ॲसिटोॲसिटेट आणि बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट ही आम्ले आहेत. रक्ताचा सामू ७.४ च्या आसपास राखायला शरीर रक्तातले बायकार्बोनेट खर्च करते. ते संपत आले की फुप्फुसे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून आम्ल घटवू पाहतात, म्हणून श्वास खोल आणि जोराचा होतो. त्या श्वासाला ॲसिटोनचा वास येतो. कुणाला तो पिकलेल्या फळासारखा वाटतो, कुणाला नेलपॉलिश पुसायच्या द्रवासारखा. वाढलेली साखर लघवीवाटे जाताना सोबत पाणी आणि क्षार ओढून नेते, त्यामुळे अंग कोरडे पडत जाते. पोट दुखते, उलट्या होतात, गुंगी येते. सामू ७.३ च्या खाली गेला आणि कीटोन ३ च्या वर गेले की या अवस्थेला डायबेटिक कीटोॲसिडोसिस म्हणतात. डॉक्टर मंडळी डीकेए म्हणतात. वेळेवर उपचार झाले नाहीत तर शेवट मृत्यूत होतो.

आता सुरुवातीच्या त्या हिशेबाकडे पुन्हा पाहू. आजारपणात कॉर्टिसॉल, ॲड्रिनलिन, ग्लुकागॉन ही संप्रेरके उसळलेली असतात. मुलाने काही खाल्ले नसले तरी त्यांच्या सांगण्यावरून यकृत स्वतः साखर बनवून रक्तात ओतते आणि चरबी अधिक वेगाने वितळते. म्हणजे तापाच्या, उलट्यांच्या दिवशी इन्सुलिनची गरज बहुधा वाढलेली असते, आणि नेमक्या त्याच दिवशी घर ते बंद करते. डोस कमी करायचा की वाढवायचा हे साखर आणि कीटोन पाहून डॉक्टर ठरवतील. दिवसभर पुरणारे जे मूळ इन्सुलिन आहे, ते मात्र पूर्ण थांबवायचे नाही. टाइप १ मधुमेहाच्या घरात हा नियम जेवणाच्या वेळेइतका अंगवळणी पडला पाहिजे.

मधुमेहात जीव घेणारी गोष्ट साखरेपलीकडची आहे, ही जाण वैद्यकाला इन्सुलिनच्या आधीपासून होती. १८७४ मध्ये फ्रायबुर्गच्या आडोल्फ कुसमॉल यांनी मधुमेहाने बेशुद्ध झालेल्या रुग्णांचा तो खोल, धडपडता श्वास नोंदवला. आजही त्याला त्यांचेच नाव आहे. पुढच्या दशकात ऑस्कर मिंकोव्स्की यांनी अशा रुग्णांच्या लघवीत बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरिक आम्ल ओळखले. मग आला जानेवारी १९२२. टोरांटोच्या जनरल हॉस्पिटलमध्ये चौदा वर्षांचा लिओनार्ड थॉम्प्सन मरणाच्या दारात होता. त्या काळात मधुमेही मुलांना जगवण्याचा एकच मार्ग होता, जवळपास उपाशी ठेवण्याचा. त्या आहाराने त्याचा नुसता सापळा उरला होता. ११ जानेवारीला त्याला स्वादुपिंडाच्या अर्काचे पहिले इंजेक्शन दिले गेले. रक्तातली साखर थोडी उतरली, पण कीटोन हलले नाहीत. तो प्रयोग फसला असेच मानले गेले. जेम्स कॉलिप यांनी अर्क अधिक शुद्ध केला आणि २३ जानेवारीला पुन्हा इंजेक्शने सुरू झाली. या वेळी साखर ५२० वरून १२० पर्यंत आली आणि लघवीतले कीटोन नाहीसे झाले. लिओनार्ड त्यानंतर तेरा वर्षे जगला. इन्सुलिनच्या पहिल्याच यशाची कसोटी कीटोनवर लागली होती, आणि शंभर वर्षांनी आपण ती कसोटी विसरून बसलो आहोत.

विसरलो आहोत याचा प्रत्यय डीकेएच्या मुलाच्या खाटेशी येतो. हाताला सलाईन लागलेले असते. पंपातून इन्सुलिन थेंबाथेंबाने जात असते, वजनाच्या दर किलोमागे ताशी ०.०५ ते ०.१ युनिट. दर तासाला बोटाच्या टोकावर सुई टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला जातो आणि आकडा कागदावर चढतो: ५४०, ४७०, ३९०, ३२०. प्रत्येक आकड्याबरोबर आईचा चेहरा निवळत जातो. आकडा २५० च्या घरात येतो आणि सिस्टर सलाईन बदलतात. नव्या बाटलीत ग्लुकोज असते. पंप चालूच राहतो. आता आजीला राहवत नाही. "अहो सिस्टर, साखर उतरवायलाच आलोय ना आपण? मग हे ग्लुकोज कशाला चढवताय? आणि चढवायचंच असेल तर ते इन्सुलिन तरी बंद करा."

आजीचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि या लेखाचे सारे म्हणणे त्याच्या उत्तरात आहे. साखर उतरली तरी कीटोन अजून रक्तात आहेत. त्यांचे बनणे थांबवायला आणि झालेले कीटोन वापरले जायला वेळ लागतो, आणि तोवर इन्सुलिन चालूच ठेवावे लागते. इन्सुलिन चालू ठेवायचे तर साखर फार खाली जाऊ नये म्हणून ग्लुकोज द्यावे लागते. म्हणजे डॉक्टर जाणूनबुजून साखर देतात, ते इन्सुलिन देता यावे म्हणून. मूल सावरले असे म्हणायचे ते साखर उतरल्यावर नव्हे, कीटोन ०.६ च्या खाली आल्यावर आणि रक्तातले आम्ल ओसरल्यावर. ही गोष्ट आजीला खाटेशी उभे राहून दोन मिनिटे कुणी समजावून सांगितली, तर पुढच्या तापाच्या वेळी ती घरात इन्सुलिन बंद करू देणार नाही. ही दोन मिनिटे औषधोपचाराचाच भाग मानली पाहिजेत.

उपवास हा आपल्याकडचा आणखी एक नाजूक विषय. "एकादशी आणि दुप्पट खाशी" ही म्हण शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही खरी आहे. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, बटाटा, रताळे ही सगळी पिष्टमय खाद्ये. अशा उपवासाला कीटोन फारसे वाढत नाहीत. मधुमेह्याची साखर मात्र हमखास वाढते. हरतालिकेचा निर्जळी उपवास किंवा जैन बांधवांची आठ दिवसांची अठ्ठाई वेगळी. तिथे कीटोन खरोखर चढतात आणि एरवी निरोगी असलेल्या माणसाचे त्याने सहसा काही बिघडत नाही. इन्सुलिनवर जगणाऱ्या व्यक्तीने मात्र "आज उपवास, म्हणून इंजेक्शनलाही सुट्टी" असे म्हणता कामा नये. व्रत करायचेच असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून करावे. व्रत मोडल्याचा दोष धर्मही आजाऱ्याला देत नाही.

दुसऱ्या टोकाला कीटो आहाराची लाट आहे. तिचे मूळ मात्र गंभीर वैद्यकात आहे. १९२१ मध्ये मेयो क्लिनिकचे रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या रुग्णांसाठी चरबी भरपूर आणि पिष्टमय पदार्थ अगदी कमी असा आहार सुचवला. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात मुलांसाठी तो आजही वापरला जातो, आहारतज्ज्ञ आणि मेंदूविकारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखाली, ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब ठेवून. पुढे १९७२ मध्ये रॉबर्ट ॲटकिन्स यांच्या पुस्तकाने कीटोन हे वजन उतरल्याचे प्रमाणपत्र बनवले. आज व्यायामशाळेत तरुण एकमेकांना आपले कीटोन सांगतात. निरोगी माणसात १.५ चा आकडा एवढेच सांगतो की तो पोळी, भात, साखर फार कमी खातो आहे. पहिल्या आठवड्यात झपाट्याने उतरलेल्या वजनात मोठा वाटा ग्लायकोजेनबरोबर गेलेल्या पाण्याचा असतो. कुणाला हा आहार मानवत असेल, टाइप २ मधुमेहात डॉक्टरांच्या सल्ल्याने काहींची साखरही आटोक्यात येत असेल. त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती "कीटोन चांगले" हे वाक्य संदर्भाविना पसरण्याला. तेच वाक्य टाइप १ असलेल्या मुलीच्या फोनवर पोचते, आणि इन्सुलिन कमी करून वजन उतरवता येते हा अघोरी मार्ग तिला सुचू शकतो. उलट्या बाजूने "कीटोन म्हणजे विष" हे वाक्य पसरले की तापात दोन वेळा न जेवलेल्या धडधाकट मुलाच्या लघवीच्या अहवालातली एक अधिकची खूण पाहून घर हवालदिल होते. त्या मुलाची साखर एकदा तपासली आणि ती ठीक निघाली, तर तो केवळ उपाशीपणा असतो. आकडा तोच, माणूस कोण आणि त्याच्या अंगात इन्सुलिन आहे की नाही, यावर त्याचा अर्थ ठरतो.

हा प्रश्न आता केवळ टाइप १ पुरता राहिलेला नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदय आणि मूत्रपिंड यांना त्यांचा मोठा आधार आहे, आणि डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० मध्ये संपल्यापासून भारतात त्या स्वस्त झाल्या, ही चांगली गोष्ट घडली. पण मे २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एक इशारा दिला: या गोळ्या घेणाऱ्या काही रुग्णांना कीटोॲसिडोसिस होतो, आणि त्या वेळी साखर फारशी वाढलेली नसते. साखर लघवीतून जात राहते, शरीराला उपासमार झाल्यासारखे वाटते, चरबी वितळत राहते. ग्लुकोमीटर १७० दाखवतो आणि घरचे म्हणतात, साखर तर बरी आहे, पित्त झाले असेल. एकट्या साखरेवर विसंबण्याचा धोका याहून उघड दिसणार नाही. हे वाचून कुणी गोळ्या आपल्या मनाने कायमच्या सोडू नयेत. उलट्या, जुलाब, अन्नपाणी तुटणे, कडक उपवास अशा प्रसंगी त्या तात्पुरत्या थांबवण्याबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी तर त्या तीन-चार दिवस बंद ठेवण्याची पद्धतच आहे.

तपासणी करतानाही एक खाचखळगा आहे. लघवीची जी पट्टी स्वस्त मिळते, ती कीटोन असल्यास जांभळी होत जाते. पण ती पकडते ॲसिटोॲसिटेट; बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट तिला दिसत नाही. डीकेएमध्ये वाढतो मुख्यतः तोच. म्हणून पट्टी फिकी दिसली तरी आजार गंभीर असू शकतो. उलट उपचार लागू पडू लागले की त्याचे रूपांतर ॲसिटोॲसिटेटमध्ये होते आणि पट्टी अधिक गडद होऊन नातेवाइकांना घाबरवते. बोटातल्या थेंबावर बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट मोजणारे यंत्र अधिक भरवशाचे. त्याची पट्टी मात्र साखरेच्या पट्टीपेक्षा कितीतरी महाग पडते. ते नसेल तर लघवीची पट्टी काहीच नसण्यापेक्षा शतपटीने बरी, फक्त तिची मर्यादा माहीत हवी. आकड्यांचा ठोकताळा फार अवघड नाही. ०.६ पर्यंत ठीक. तिथून १.५ पर्यंत पाणी पाजत राहायचे, ठरलेले इन्सुलिन द्यायचे आणि दोन-तीन तासांनी पुन्हा तपासायचे. १.५ च्या पुढे डॉक्टरांना लगेच फोन. ३ च्या वर, किंवा आकडा कितीही असो पण उलट्या थांबत नाहीत, श्वास जोराचा आहे, मूल गुंगीत आहे, तर थेट रुग्णालय.

सर्वांत हळहळ वाटते ती ज्या मुलांचा मधुमेहच डीकेएच्या रूपाने उघडा पडतो त्यांच्याबद्दल. महिना-दोन महिने खुणा दिसत असतात. मूल सारखे पाणी पिते, सारखे लघवीला जाते, शहाणे झालेले पोर पुन्हा अंथरूण ओले करू लागते, खाऊनपिऊन अंगावरचे मांस उतरते. घर म्हणते उन्हाळा आहे, अंगाने वाढतो आहे. मग उलट्या सुरू होतात आणि पोट बिघडले म्हणून औषध मिळते. पोट दुखते म्हणून अपेंडिक्सची शंका येते. श्वास लागतो म्हणून न्यूमोनियाचे उपचार होतात. एक थेंब रक्ताची साखर त्या क्षणी पाहिली असती तर सारे कळले असते.

हे टाळता येते, याचा पुरावा इटलीत आहे. पार्मा प्रांतात १९९१ मध्ये मॉरिझिओ व्हानेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळांत एक साधे भित्तिपत्रक लावले. मूल जास्त पाणी पिते का, वारंवार लघवीला जाते का, पुन्हा अंथरूण ओले करू लागले आहे का, एवढेच त्यातून पालकांना आणि शिक्षकांना विचारले होते. डॉक्टरांना साखर आणि कीटोन तपासण्याची साधने दिली. मोहिमेच्या आधी सहा ते चौदा वयोगटातल्या नव्या रुग्णांपैकी ७८ टक्के मुले डीकेएच्या अवस्थेत येत. मोहिमेनंतरच्या वर्षांत हे प्रमाण १२.५ टक्क्यांवर आले. नवे औषध नव्हते, मोठे यंत्र नव्हते. लोकांना काय पाहायचे ते सांगितले गेले होते.

आपल्याकडे काय स्थिती आहे? आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला. सरकारी कार्यक्रमातली मधुमेहाची चाळणी तिशीपुढच्या लोकांसाठी आहे. त्या वयात टाइप २ अधिक, म्हणून ते योग्यच आहे. पण टाइप १ चे मूल या चाळणीतून अर्थातच बाहेर राहते. टाइप १ साठी आयसीएमआरने २०२२ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या तज्ज्ञांच्या टेबलावरून वाडीवस्तीपर्यंत उतरायच्या बाकी आहेत.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. खेड्यात प्रश्न माहितीचा नसून इन्सुलिनचाच आहे, असे काम करणारी माणसे सांगतात. फ्रिज नाही म्हणून कुपी माठात ठेवावी लागते, मजुरी बुडाली की कुपी संपते, मुलीचा आजार लग्न जमेपर्यंत लपवला जातो आणि सासरी इंजेक्शन घ्यायला तिला आडोसा शोधावा लागतो. हे सारे खरे आहे, आणि इन्सुलिनशिवाय कीटोनचे ज्ञान कोरडेच आहे. पण दोन्ही गोष्टींचे वैर नाही. इन्सुलिन बंद पडले की किती तासांत काय होते हे ज्या सासरच्या माणसांना कळले आहे, ती सुनेच्या कुपीकडे चैन म्हणून पाहणार नाहीत. ज्या ग्रामसभेला ते कळले आहे, ती आरोग्य केंद्रात इन्सुलिन का नाही असे विचारील. हक्क मागायलाही आधी गरज कळावी लागते. "इन्सुलिनची सवय लागते" म्हणून ते सोडायला लावणारे, काढ्याने टाइप १ बरा करण्याची हमी देणारे लोक ज्या अज्ञानावर जगतात, ते अज्ञानही यानेच तुटेल.

दुसरा आक्षेप असा की सामान्य माणसाला आणखी एक आकडा दिला तर तो घाबरेल आणि दवाखान्यांत गर्दी करील. साखरेच्या आकड्याबद्दलही कधी काळी असेच म्हणता आले असते. शिवाय मी घरोघर कीटोन तपासा असे म्हणत नाही. ज्याला मधुमेह नाही त्याला या पट्टीची गरज नाही. इन्सुलिनवर जगणारी माणसे, ग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्या घेणारी माणसे, आणि मधुमेहाच्या खुणा दिसणारी मुले, एवढ्यांपुरताच हा आग्रह आहे.

करायच्या गोष्टी मोजक्या आहेत आणि बहुतेक स्वस्त आहेत. प्रत्येक शाळेच्या आणि अंगणवाडीच्या भिंतीवर चार खुणांचे भित्तिपत्रक मराठीत लागावे. शाळा तपासणीला जाणाऱ्या आरोग्य पथकांनी आणि आशाताईंनी तेच प्रश्न विचारावेत. उलट्या, जोराचा श्वास किंवा गुंगी घेऊन आलेल्या कोणत्याही मुलाची साखर आरोग्य केंद्रात तिथल्या तिथे पाहिली जावी आणि ती वाढलेली असेल तर कीटोनही. टाइप १ च्या प्रत्येक मुलाला रुग्णालयातून घरी सोडताना आजारपणाच्या दिवशी काय करायचे याचा कागद मराठीत लिहून मिळावा, त्यावर डॉक्टरांचा फोन नंबर असावा, आणि त्याची एक प्रत शाळेतल्या बाईंकडे असावी. कीटोनच्या पट्ट्या आणि इन्सुलिन सरकारी केंद्रातून अखंड मिळावे.

आणि ही व्यवस्था उभी राहीपर्यंत घराने वाट पाहायची नाही. टाइप १ मधुमेह असलेले मूल ज्या घरात आहे, तिथल्या प्रत्येक मोठ्या माणसाला, आजी-आजोबांपासून सुट्टीत सांभाळणाऱ्या मामा-मावशीपर्यंत, एवढे पाठ असले पाहिजे: पोर जेवत नसले तरी इन्सुलिन थांबवायचे नाही, साखर तपासायची, कीटोन तपासायचे, पाणी पाजत राहायचे, आणि उलट्या थांबत नसतील तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. एवढे ज्ञान वेळेवर पोचले तर जी मुले आज जातात त्यांतली कितीतरी वाचतील. ते पोचवणे आपल्या हातात असताना न पोचवणे, याला कुठलीही सबब पुरणार नाही.